शाबासकी नको, दाद हवी

दलित साहित्याची निंदा कोणी, कशी आणि का केली, याबद्दल आपण गेली पन्नास-साठ वर्षे लिहीत आलो आहोत. ते आवश्यकच होते. परंतु या साहित्याची स्तुती कोणी, कशी आणि का केली, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला. निंदेला उत्तर देता येते. स्तुतीला काय उत्तर द्यायचे? कोणी पाठीवर हात ठेवला की माणूस मान खाली घालून 'आभारी आहे' म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. माझे म्हणणे असे आहे की, तो तिथे संपू नये. स्तुतीच्या भाषेची तपासणी हेही समीक्षेचे काम आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका समारंभामुळे. त्या समारंभातला एक अपराधी मी स्वतःच होतो, म्हणून आधी ती हकिगत सांगतो.

तालुक्याच्या गावी माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या पहिल्या कवितासंग्रहाचे प्रकाशन होते. वक्ते तीन. पहिले एक निवृत्त प्राचार्य, सवर्ण, अत्यंत सज्जन. ते म्हणाले, "या कविता वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आणि विशेष म्हणजे, इतके सोसूनही या मुलीच्या लेखणीत कुठेही कडवटपणा नाही." दुसरे चळवळीतले जुने कार्यकर्ते. ते म्हणाले, "ही आमची लेक म्हणजे विद्रोहाची धगधगती मशाल आहे." तिसरा मी. मी 'अनुभवाची दाहकता' आणि 'जाणिवेची प्रगल्भता' या दोन शब्दांवर वीस मिनिटे बोललो. टाळ्या झाल्या, शाली झाल्या, चहा झाला. निघताना ती मुलगी जवळ आली आणि तिने साधा प्रश्न विचारला, "सर, तुम्हाला त्यातली कुठली कविता आवडली?"

मला उत्तर देता आले नाही. संग्रहातल्या चाळीस कवितांपैकी चार-पाच मी येताना एस.टी.त चाळल्या होत्या. मी म्हणालो, "सगळ्याच छान आहेत गं." तिने मान डोलावली. तशी मान मीही आयुष्यात अनेकदा डोलावली आहे. म्हणून तिचा अर्थ मला लगेच कळला.

१

स्तुती निर्मळ आणि निरुपद्रवी असते, असा एक समज आहे. आपल्या समाजरचनेकडे पाहिले तर तो टिकत नाही. गावगाड्यात स्तुतीचेही वतन ठरलेले होते. खालून वर जायची ती स्तुती कर्तव्य म्हणून. महाराने 'जोहार' घालायचा, 'मायबाप' म्हणायचे. उलट रामराम मिळण्याचा हक्क त्याला नव्हता. वरून खाली यायची ती स्तुती मेहेरबानी म्हणून. 'आमच्या गावचा महार मोठा इमानी' हे पाटलाच्या तोंडचे कौतुक आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकले आहे. त्या कौतुकात खोटे काही नव्हते. गावचा सारा कचेरीत पोचवताना महाराने वाटेत हात मारला नाही, हे खरेच होते. पण 'इमानी' या शब्दाने त्याला जिथल्या तिथे ठेवले. इमानी राहण्यातच त्याची थोरवी, असे त्याच्या मनावर बिंबले. हक्क मागणाऱ्याला कोणी इमानी म्हणत नाही.

तमाशाच्या फडाचेही तेच. नाचणारे, गाणारे, ढोलकी वाजवणारे बहुतेक अस्पृश्य आणि भटक्या जातींतले. समोर लोडाला टेकलेला धनी दौलतजादा करायचा आणि त्याचे नाव फडावरून पुकारले जायचे. कला कोणाची आणि नाव कोणाचे, हे नीट पाहावे. त्याच कलावंताला दुसऱ्या दिवशी त्या धन्याच्या ओसरीवर पाण्याचा तांब्या मिळत नव्हता. म्हणजे गुणाची स्तुती आणि माणसाचा अव्हेर या दोन गोष्टी आपल्याकडे एकत्र, सुखाने नांदत आल्या आहेत.

बाबुराव बागुलांनी हे फार आधी ओळखले होते. १९६३ साली आलेल्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहातली शीर्षककथा आपण अस्पृश्यतेच्या छळाची कथा म्हणून वाचतो, शिकवतो. मला ती कौतुकाचीही कथा वाटते. परगावी रेल्वेत नोकरीला आलेल्या नायकाच्या ज्ञानाचे, त्याच्या कवित्वाचे तिथे कौतुक होते, त्याला घरी बोलावले जाते. जात कळते आणि तेच हात त्याच्यावर उठतात. त्याचे ज्ञान रात्रीतून कमी झाले नव्हते, कविता बिघडली नव्हती. मग स्तुती कशाची चालली होती? गुणाची म्हणावी तर गुण जागेवरच होता. स्तुती एका गृहीत धरलेल्या जातीची चालली होती. गुण हे केवळ निमित्त होते.

२

आता छापील पानांकडे वळू. प्रस्तावना, मलपृष्ठावरचा मजकूर, परीक्षणे, गौरवसमारंभातली भाषणे यांतून दलित लेखकाला जी विशेषणे मिळतात, त्यांची यादी फार लांब नाही. दाहक. प्रांजळ. अस्सल. रांगडी. अंगावर शहारे आणणारी. आणि कडवटपणा नसलेली. पुस्तक बदलते, लेखक बदलतो, पिढी बदलते. यादी तीच राहते. एकच कपडा सर्वांच्या अंगाला बसतो, याचा अर्थ शिंप्याने माप घेतलेलेच नाही.

'दाहक' म्हणजे काय? पोळले कोण? वाचक. हे विशेषण पुस्तकाविषयी काहीच सांगत नाही, वाचकाच्या कातडीविषयी सांगते. 'काटा आला'चेही तेच. ज्याच्या आयुष्यात ते घडले त्याच्या अंगावर काटा येत नाही, तो त्यातून चालत आलेला असतो. म्हणजे ही दाद लेखकाला मिळालीच नाही. वाचकाने आपल्याच कोमलतेला ती देऊन टाकली.

'प्रांजळ' हा शब्द अधिक गोड आणि म्हणून अधिक घातक आहे. प्रांजळ कोण असतो? कबुलीजबाब देणारा, साक्षीदार. त्याने खरे सांगितले की त्याचे काम संपले. त्याने निवड केली, रचना केली, काही गाळले, काही पुढेमागे केले, हे 'प्रांजळ' म्हटल्यावर विचारातच येत नाही. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यात दगडू आपली कहाणी दया पवार नावाच्या सुशिक्षित माणसाला सांगतो. एकाच माणसाचे हे दोन तुकडे समोरासमोर बसवणे ही साधी गोष्ट आहे का? शिकून पांढरपेशा झालेला मी आणि वस्तीत मागे राहिलेला मी यांच्यातली फट दाखवायला लेखकाने ही रचना शोधली. 'प्रांजळ आत्मकथन' एवढेच म्हणून जो थांबला, त्याने पुस्तकाचा उंबरठाही ओलांडला नाही.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'चे (१९८६) कौतुक सोशिकपणाची गाथा म्हणून होते. पण त्या पुस्तकाचे नावच पाहा. 'माझं' नाही, 'आमुचं'. आत्मचरित्र एकट्या 'मी'चे असते, हा साहित्यातला रूढ संकेत त्यांनी मोडला आणि वस्तीतल्या सगळ्या बायांचे आयुष्य एका आवाजात सांगितले. ही लेखिकेने घेतलेली भूमिका आहे. सोशिकपणाचे कौतुक करणाऱ्याला ती दिसत नाही, कारण सोसणाऱ्याला भूमिका असते, हेच त्याला मान्य नसते.

'रांगडी भाषा' हे तर नामदेव ढसाळांच्या वाट्याला आलेले नेहमीचे प्रशस्तिपत्र. 'गोलपिठा' १९७२ चा. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. हे जग आपल्या परिचयाचे नाही, हे तेंडुलकरांनी त्या प्रस्तावनेत लपवून ठेवले नाही. त्या वस्तीत स्वतः फिरून त्यांनी ते समजून घ्यायचा प्रयत्न केला. स्तुती करण्याआधी आपले अज्ञान कबूल करण्याची ही रीत मला आजही मोलाची वाटते. त्यांच्यानंतर आलेल्या अनेकांनी मात्र फिरण्याचे कष्ट घेतले नाहीत, 'रांगडी' म्हणून मोकळे झाले. वास्तविक ढसाळांच्या कवितेत वेश्यावस्तीतली बोली आणि संस्कृत वळणाचे जड शब्द एकाच ओळीत धक्काबुक्की करतात. ही धक्काबुक्की कवीने जाणीवपूर्वक घडवली आहे. तिला रांगडेपणा म्हणणे म्हणजे कवीच्या हातातले कसब काढून ते त्याच्या रक्तात टाकणे होय. आणि गुण रक्तात असतो, हे तत्त्वज्ञान कोणाचे, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको.

जोतीराव फुल्यांच्या लेखनातल्या व्याकरणाच्या चुका काढून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांची टर उडवली होती. काल शुद्ध नाही म्हणून हसले, आज शुद्ध नाही म्हणून डोक्यावर घेतात. मोजपट्टी कोणाच्या हातात आहे, हे दोन्ही वेळा सारखेच आहे. मी स्वतः याच्या उलट बाजूचाही अनुभव घेतला आहे. महाविद्यालयात असताना माझी पहिली गोष्ट छापून आली. आमचे एक प्राध्यापक प्रेमाने म्हणाले, "तुमची भाषा इतकी शुद्ध आहे की तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही." मी हरखून गेलो. घरी जाऊन वडिलांना सांगितले. वडील चौथी शिकलेले, गिरणीतून परत गावी आलेले. त्यांनी विडी विझवली आणि एवढेच विचारले, "मंग कसं वाटाया पायजे व्हतं?" त्या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

राहिले 'कडवटपणा नाही' हे प्रशस्तिपत्र. हे मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण यात स्तुती करणारा पुढच्या पुस्तकासाठी अट घालून ठेवतो. असेच लिहीत जा, म्हणजे असेच बोलावत जाऊ. निखळ संतापाने लिहिणाऱ्या पुढच्या पोराला त्याने न बोलता दार बंद केलेले असते.

गौरवाचाही असाच परिणाम होतो. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ला १९८१ साली आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो रास्तच होता. पण त्या काळापासून प्रत्येक नव्या दलित लेखकाकडून पहिल्यांदा त्याच्या जखमा मागितल्या जाऊ लागल्या. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'ने (१९८४) हेलावून गेलेली दहा माणसे मला भेटतात. त्याच लिंबाळ्यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या पुस्तकाशी वाद घालणारा मात्र एखादाच भेटतो. आमचे दुःख त्यांना हवे आहे. आमचा विचार घेऊन काय करायचे, हे त्यांना समजत नाही.

३

इथवर वाचून काही मित्र खूश झाले असतील. त्यांनी थोडे थांबावे. समारंभातले दुसरे वक्ते आपले होते आणि तिसरा मी होतो.

आपल्या घरातली स्तुतीची भाषा तपासली तर काय दिसते? 'विद्रोहाची मशाल', 'क्रांतीचा सूर्य', 'बाबासाहेबांच्या विचारांचा खरा वारसदार'. ही विशेषणे आपण इतक्यांना दिली आहेत की कोणाला दिली नाहीत, हे आठवणे सोपे जाईल. प्रस्थापितांची सहा विशेषणे, आपली तीन. पुस्तक न वाचता दोन्ही वापरता येतात. ते दयेपोटी स्तुती करतात, आपण नात्यापोटी करतो. वाचण्याचे कष्ट दोघेही टाळतात.

यामागची कारणे मी जाणतो. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या कोणी चांगला शब्द ऐकला नाही, त्यांच्या पोराने पुस्तक लिहिले याचाच आनंद एवढा मोठा असतो की त्यात खोट काढणे पाप वाटते. शिवाय बाहेरून मारा चालू असताना आपण आपल्याच माणसावर टीका करावी का, ही भीतीही खरी आहे. परंतु या दयाळूपणाचा हिशेब कोण चुकवतो? तो लेखक चुकवतो. पहिल्या पुस्तकाला मशाल म्हणवून घेतलेला कवी दुसऱ्या पुस्तकात तीच मशाल पुन्हा पेटवतो. त्याला कोणी सांगत नाही की बाबा, ही ओळ तुझी नाही, ती तुझ्या आधी शंभर जणांनी लिहिली आहे.

बाबासाहेबांना हा धोका दिसत होता. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार स्पष्ट वेगळे केले. थोर माणसाबद्दल अपार आदर व्यक्त करणे हा एक प्रकार. आपली बुद्धी गहाण टाकून त्याच्या आज्ञेत राहणे हा दुसरा. पहिल्यात त्यांना गैर वाटले नाही. दुसरा माणसाला आणि समाजाला बुडवतो, हे त्यांनी बजावले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध हाच इशारा पुन्हा दिला. आपण ही भाषणे १४ एप्रिलला व्यासपीठावरून सांगतो आणि त्याच व्यासपीठावर त्याच संध्याकाळी समोरच्या पुढाऱ्याला सूर्य म्हणतो.

आपण ज्या धम्माचा स्वीकार केला, त्यात तर याची शिकवणच आहे. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात बुद्ध भिक्खूंना सांगतात की, कोणी माझी निंदा केली तर रागावू नका आणि कोणी स्तुती केली तर हुरळून जाऊ नका. निंदेत जे खोटे असेल ते खोटे म्हणून दाखवा, स्तुतीत जे खरे असेल तेवढे खरे म्हणून माना. स्वतःच्या स्तुतीचीही छाननी करायला सांगणारा शास्ता आपल्याला लाभला आहे. त्याचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी एका कवितासंग्रहाच्या स्तुतीची छाननी करू नये, हे बरे नाही.

४

मग स्तुती करूच नये काय? तसे माझे म्हणणे नाही. चांगल्या शब्दावाचून लिहिता हात वाळतो. प्रश्न कोणता शब्द, एवढाच आहे.

मराठीत यासाठी अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा निराळी आहे. कौतुक लेकराचे करतात. शाबासकी वरचा खालच्याला देतो, म्हणून ती पाठीवर पडते. पाठ दिसण्यासाठी समोरच्याला वाकावे लागते. गौरव संस्था करते. दाद मात्र ऐकणारा गाणाऱ्याला देतो आणि त्यासाठी त्याला कान असावा लागतो. कुठल्या जागेवर दाद दिली, यावरून ऐकणाऱ्याचीही परीक्षा होते. भलत्या जागी मान हलवणारा उघडा पडतो. शाबासकी देणाऱ्याची परीक्षा कधीच होत नाही.

या शब्दाचा आणखी एक अर्थ आपल्या लोकांना चांगला ठाऊक आहे. आपण कोर्टात दाद मागतो. फारसीत 'दाद' म्हणजे न्याय. तिथून आलेला हा एकच शब्द मराठीत मैफलीतही चालतो आणि न्यायालयातही. मला यात आपल्या समीक्षेचा सगळा कार्यक्रम दिसतो. दलित लेखक प्रस्थापितांकडे आणि आपल्याकडेही जी मागतो आहे, ती या दोन्ही अर्थांनी दाद आहे. त्याला दया नको आहे. त्याच्या पुस्तकात काय आहे, ते कसे उभे केले आहे, कुठे साधले आणि कुठे फसले, याचा न्याय त्याला हवा आहे. न्यायात विरुद्ध निकालाचीही शक्यता असते. ती शक्यता ज्या स्तुतीत नाही, ती दाद नव्हे.

आणि ज्या व्यवहारात न्यायाची शक्यताच नाही तिथला मान नाकारताही आला पाहिजे. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेला न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीरावांना बोलावले. निमंत्रण हा मानच होता. जे लोक माणसाला माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभेशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही, अशा अर्थाचे उत्तर पाठवून जोतीराव गेले नाहीत. मराठीतली ही फार मोठी साहित्यसमीक्षा आहे, असे मी मानतो.

५

त्या समारंभानंतर आठ दिवसांनी मी तो संग्रह पुन्हा उघडला. पेन्सिल घेऊन बसलो. दोन रात्री लागल्या. मग त्या मुलीला पत्र लिहिले.

लिहिले की, आजी मतदानाला जाते ती कविता मला सर्वांत आवडली. आजी केंद्रावर जाण्याआधी हात घासून धुते आणि परत आल्यावर शाई जाऊ नये म्हणून चार दिवस ते बोट पाण्यात घालत नाही. या एका हालचालीत तू संविधानाचे नावही न घेता संविधान आणले आहेस. त्या कवितेची शेवटची दोन कडवी मात्र नसती तर बरे झाले असते. आजीने जे बोटाने सांगितले, ते तू पुन्हा तोंडाने सांगितलेस. आणि सहा डिसेंबरची कविता मला फसलेली वाटली. तिच्यातला सूर्य, मशाल आणि निळे आभाळ हे तुझे नाहीत, उसने आहेत.

तिचे उत्तर पंधरा दिवसांनी आले. पहिल्या मुद्द्यावर तिने लिहिले, "सर, ती दोन कडवी मलाही खटकत होती. पण कोणी काही बोललेच नाही, म्हणून ठेवली." दुसऱ्या मुद्द्यावर ती भांडली. लिहिले, "सहा डिसेंबरची कविता तुमच्यासाठी नाही. ती वस्तीतल्या बाया चैत्यभूमीला जाताना गाडीत म्हणतात. माझ्या आईला सगळ्या पुस्तकातली तेवढी एकच पाठ आहे. सूर्य उसना आहे, हे खरं. पण आईनं तो कुणाकडून उसना घेतला, हे तुम्ही तिला विचारलंत का?"

मी ते पत्र वर्गात वाचून दाखवले. अर्धा वर्ग तिच्या बाजूचा झाला, अर्धा माझ्या. मी अजून पुरता पटलेलो नाही. पण माझीही मोजपट्टी मी कुठून आणली, हे मला तपासावे लागणार आहे, एवढे तिने सिद्ध केले. वीस मिनिटांच्या माझ्या भाषणातून यातले काहीही निघाले नव्हते.

कार्यकर्त्यांना, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे. यापुढे आपल्या कोणाच्या पुस्तकावर बोलायला उभे राहाल तेव्हा 'दाहक' आणि 'मशाल' हे शब्द घरी ठेवून या. येताना पुस्तक घेऊन या. एखादे पान उघडा, त्यावरची एक ओळ वाचा आणि ती का आवडली किंवा का आवडली नाही, ते लेखकाच्या तोंडावर सांगा. लेखक भांडायला उभा राहिला तर त्याला माइक द्या.